रॉकेट कोणाचे? वालचंदनगर ते श्रीहरिकोटा

पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा म्हणजे 2.8 मीटर व्यासाचे, पाच तुकडे जोडून उभे केलेले पोलादी नळकांडे. त्यात सुमारे 139 टन घन इंधन भरतात. हे पोलादही साधे नव्हे. मॅरेजिंग स्टील या निकेलयुक्त मिश्रधातूची ही खोळ असते आणि वेल्डिंगच्या सांध्यात बारीकशी चीर राहिली तरी उड्डाण तिथेच संपू शकते. अशा खोळी बनवणाऱ्या मोजक्या कारखान्यांपैकी एक पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला आहे. परिसर उसाचा आणि कारखान्याची ओळख साखर कारखान्यांची यंत्रे बनवणारा अशी; पण 1970 च्या दशकापासून तो इस्रोचेही काम करतो.

मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजमध्ये रॉकेटची ‘विकास’ इंजिने तयार होतात. हैदराबादची एमटीएआर ही कंपनीही ती बनवते. चांद्रयान-3 ला 14 जुलै 2023 रोजी वर नेणाऱ्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या दोन्ही बाजूंना 3.2 मीटर व्यासाचे जे अवाढव्य बूस्टर होते, त्यांच्या खोळीचे भाग लार्सन अँड टुब्रोच्या पवई कारखान्यात घडले होते.

तेव्हा अवकाशात खासगी कंपन्या आता कुठे शिरत आहेत, हा समज खरा नाही. त्या पहिल्यापासून आहेत; मात्र त्यांचे काम जॉबवर्कचे होते. आराखडा इस्रोचा, तपासणी इस्रोची आणि इंधनाची विद्याही इस्रोचीच. घन इंधनाच्या विद्येत पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांचा मोठा वाटा आहे. 1979 ते 1985 या काळात ते इस्रोच्या तिरुवनंतपुरममधील विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. खासगी कंपनी मात्र सांगितलेल्या मापाची वस्तू करून देते आणि बिल घेते. खरा फरक पडतो तो रॉकेट कोसळल्यावर. 18 मे 2025 रोजी पीएसएलव्ही-सी61 च्या तिसऱ्या टप्प्यातला दाब घसरला आणि ईओएस-09 उपग्रह हातचा गेला. तो तोटा सरकारी तिजोरीचा होता, कोणत्याही भागधारकाचा नव्हे.

अमेरिकेतही फार वेगळे नव्हते. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-5 चे तीन टप्पे बोइंग, नॉर्थ अमेरिकन आणि डग्लस या कंपन्यांनी बांधले. पण हुकूम नासाचा होता, आणि खर्च वाढला तर तोही नासानेच सोसायचा. 2006 मध्ये नासाने ही रीत मोडायला सुरुवात केली. अवकाश स्थानकापर्यंत माल पोचवा, रक्कम आधी ठरलेली, रॉकेट कसे बांधायचे ते तुमचे तुम्ही बघा, असा तो नवा सौदा. 2002 मध्ये स्थापन झालेल्या स्पेसएक्सची पहिली तीन उड्डाणे फसली. चौथे 28 सप्टेंबर 2008 रोजी साधले. त्याच डिसेंबरात नासाने तिला बारा मालवाहू फेऱ्यांसाठी 1.6 अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. 21 डिसेंबर 2015 रोजी तिच्या फाल्कन-9 चा पहिला टप्पा आपले काम आटोपून जमिनीवर उभा उतरला, आणि तोच पुन्हा वापरायचा हिशेब जगाला मांडावा लागला. खासगी जिद्दीची ही गोष्ट सांगताना सरकारी कंत्राटाचा भाग गाळण्याची प्रथा पडली आहे. ते कंत्राट नसते तर जिद्दीला पगार देणे कठीण होते.

भारताने हा दरवाजा जून 2020 मध्ये उघडला. खासगी उड्डाणांना परवानगी देणारी इन-स्पेस ही यंत्रणा जाहीर झाली आणि 2023 मध्ये अवकाश धोरण आले. हैदराबादच्या स्कायरूटचे विक्रम-एस 18 नोव्हेंबर 2022 रोजी उडाले, तर चेन्नईच्या अग्निकुलचे 30 मे 2024 रोजी. दोन्ही चाचण्या कक्षेपर्यंत न जाणाऱ्या होत्या आणि दोन्ही श्रीहरिकोटाच्या सरकारी आवारातूनच झाल्या. मुंबईच्या मनस्तू स्पेसने विषारी हायड्राझिनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले इंधन विकसित केले. तिचा थ्रस्टर डिसेंबर 2024 मध्ये पीएसएलव्हीच्या शेवटच्या टप्प्यावर बसून अवकाशात गेला.

संपूर्ण पीएसएलव्ही बांधण्याचे काम मात्र 2022 मध्ये हिंदुस्तान एअरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला मिळाले: पाच रॉकेटे, सुमारे 860 कोटी रुपये. छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचे तंत्रज्ञानही जून 2025 मध्ये 511 कोटींची बोली लावून हिंदुस्तान एअरोनॉटिक्सनेच मिळवले. ही कंपनी सरकारी. पण 1940 मध्ये बंगळुरूला तिचा पाया घातला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन. महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 मध्ये, कारखाना सरकारने ताब्यात घेतला. म्हणजे रॉकेटची खोळ खासगी वालचंदनगरमध्ये घडते आणि ते जोडणार ती वालचंदांच्याच हातून सरकारकडे गेलेली कंपनी. खासगी आणि सरकारी यांच्यातली भिंत किती पातळ आहे, याचा याहून चांगला दाखला सापडणार नाही.

एक जबाबदारी मात्र सरकारला कोणाच्या गळ्यात घालता येत नाही. 2 एप्रिल 2022 च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी आकाशातून धातूचे मोठे कडे येऊन पडले. तज्ज्ञांच्या मते तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा. अशा तुकड्याने नुकसान झाले तर 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाई द्यायची ती उड्डाण करणाऱ्या देशाने, रॉकेट खासगी असले तरीही. म्हणूनच कंपनी कितीही मोठी झाली तरी सरकारी परवान्यावाचून तिला उडता येत नाही.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. संदेशवहनाचे उपग्रह विकले जातात, कारण पैसे मोजणारे आहेत. परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यात सोयाबीन पेरून आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्यासाठी ढगांची छायाचित्रे घेणारा उपग्रह कोणती कंपनी स्वखर्चाने सोडेल? 17 फेब्रुवारी 2024 रोजी गेलेल्या इन्सॅट-3डीएस या हवामान उपग्रहाचा सगळा खर्च केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने केला. त्याला नेणाऱ्या जीएसएलव्ही रॉकेटच्या मधोमध 139 टन घन इंधनाचा तोच पोलादी टप्पा होता, आणि त्याच्याभोवती व वर मिळून पाच विकास इंजिने होती.