खोका दारात आला, पण माल विकला कुणी?

इंदूरच्या मराठी घरांमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत एक बदल अगदी हळूच झाला. पूर्वी पुण्याहून कुणी येणार असलं की त्याच्याकडे यादी जायची: मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, आमसुलं, कालनिर्णय, दोन-तीन दिवाळी अंक, आणि बॅगेत जागा उरली तर एखादं पुस्तक. आता तीच यादी फोनवर टाकली की तीन-चार दिवसांत खाकी खोका दारात येतो. तो बहुधा ॲमेझॉनचा असतो.

या खोक्याबद्दल आपली मतं मात्र एकसारखी नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी विषय निघाला तर ‘फार सोय झाली बुवा’ आणि ‘सगळा बाजार गिळला यांनी’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात. यात ढोंग काही नाही. ही व्यवस्थाच अशी रचलेली आहे की दोन्ही खरं ठरावं. ती रचना एकदा समजून घेतली, तर कशावर विश्वास ठेवायचा आणि बिघडलं तर कुणाला धरायचं, हे बरंच स्पष्ट होतं.

आधी सोयीची बाजू. ॲमेझॉनने भारतात जून २०१३ मध्ये दुकान मांडलं ते पुस्तकं आणि चित्रपटांच्या डिस्क घेऊन. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळू लागली. ॲपमध्ये हिंदी २०१८ साली आली, दक्षिणेतल्या चार भाषा २०२० साली, आणि मराठी सप्टेंबर २०२१ मध्ये. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मनसेने महाराष्ट्रात याच मागणीसाठी आंदोलन केलं होतं. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्याला यातून जे मिळालं ते पुणेकराला तितकंसं जाणवणार नाही. त्याला अप्पा बळवंत चौक आहे. आपल्याकडे खजुरी बाजारात पुस्तकांची दुकानं पुष्कळ, पण तिथला मुख्य माल शाळा-कॉलेजचा आणि हिंदीचा. गुडघे दुखणाऱ्या आजींना राजवाड्याच्या गर्दीत न जाता पुरणयंत्र घरी मिळतं, ही गोष्ट छोटी समजू नये.

आता रचना. आपण ‘ॲमेझॉनकडून घेतलं’ म्हणतो, पण बहुतेक वेळा ते खरं नसतं. परदेशी गुंतवणूक असलेल्या कंपनीला भारतात स्वतःचा साठा ठेवून ऑनलाइन किरकोळ विक्री करता येत नाही (इथे तयार झालेल्या खाद्यपदार्थांना सूट आहे). तिला फक्त बाजार भरवता येतो. म्हणजे जत्रेत जागा आखून देणाऱ्यासारखी तिची भूमिका. दुकान लावतो तो विक्रेता वेगळा, आणि ॲमेझॉन त्याच्याकडून कमिशन, साठवणुकीचं भाडं आणि पोहोचवण्याचा खर्च घेते. माल तिच्या गोदामातून आला, खोक्यावर तिचं नाव असलं, तरी विकणारा दुसराच असतो.

जत्रा भरवणाऱ्यानेच आपल्या माणसाला मोक्याची जागा दिली तर? व्यापाऱ्यांची मुख्य तक्रार हीच आहे. क्लाउडटेल नावाचा एक मोठा विक्रेता अनेकांनी बिलावर वाचला असेल. ती कंपनी ॲमेझॉन आणि नारायण मूर्तींची कॅटमरन यांच्या भागीदारीतली. फेब्रुवारी २०१९ पासून नियम कडक झाले आणि बाजार भरवणाऱ्याची मालकी असलेल्या कंपनीने त्याच बाजारात विकायचं नाही असं ठरलं. मग ॲमेझॉनने त्या भागीदारीतला आपला हिस्सा ४९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणला, आणि शेवटी मे २०२२ मध्ये भागीदारीच संपली. दिल्लीतल्या व्यापारी संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांच्याही चौकशीचा आदेश दिला. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि प्रकरण कोर्टकचेऱ्यांत अडकलं.

ग्राहक म्हणून आपल्याला यातून एक सवय लावून घेता येईल. एकच वस्तू चार विक्रेते विकत असले तरी ‘कार्टमध्ये टाका’ हे पिवळं बटण त्यातल्या एकाचंच असतं, आणि तो कोण हे ॲमेझॉनची यंत्रणा ठरवते. बटणाजवळ बारीक अक्षरांत विक्रेत्याचं नाव असतं. त्यावर बोट ठेवलं की त्याचा पत्ता आणि आधीच्या गिऱ्हाइकांची मतं दिसतात. मसाला, भाजणी, लोणचं घेताना हे जरूर बघा. उत्पादकाचं नाव ओळखीचं असलं तरी विकणारा कोणीतरी तिसराच असतो, आणि मग संपत आलेल्या मुदतीचं पाकीट येण्याची शक्यता वाढते. पुस्तकांचंही तेच. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या चोरट्या छपाईच्या प्रती ऑनलाइन बाजारात शिरतात. छापील किमतीच्या निम्म्याहून स्वस्त नवी कादंबरी दिसली, तर शक्यतो प्रकाशकाच्याच नावाने विक्रीला असलेली प्रत घ्यावी.

खोडलेल्या किमतीने भुलू नका. नामांकित कंपनीच्या साबणावरची एमआरपी सगळीकडे एकच असते, तिथे सूट खरी. पण अनोळखी ब्रँडच्या चकलीच्या सोऱ्यावर २,४९९ खोडून ५९९ लिहिलेलं असतं, तिथे २,४९९ ला तो कधी कुणी घेतला असेल असं वाटत नाही. ताऱ्यांचंही तसंच. शेकडो पाच-तारे ओझरते पाहण्यापेक्षा दोन आणि तीन ताऱ्यांची मतं सावकाश वाचा, कामाचं काही लिहिलेलं असतं ते बहुधा तिथेच.

या मधल्या भूमिकेची जबाबदारी किती, याचं उत्तर देणारं एक प्रकरण स्वयंपाकघरातलंच आहे. प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणं कायद्याने सक्तीचं झालं, त्यानंतरही ॲमेझॉनवरून असे २,२६५ कुकर विकले गेले जे त्या नियमात बसत नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला एक लाख रुपये दंड केला आणि ग्राहकांना कळवून कुकर परत घ्यायला, पैसे द्यायला सांगितलं. या विक्रीतून कंपनीला सहा लाखांहून अधिक रुपये कमिशन मिळालं होतं. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हा बचाव प्राधिकरणाने मानला नाही. कंपनी याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आपण मात्र कुकर ऑनलाइन घेताना चिन्हाचा फोटो बघावा आणि हातात आल्यावर झाकण पुन्हा तपासावं.

मनाला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. जून २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातल्या मानेसरच्या गोदामाची बातमी आली. ठरलेलं काम संपेपर्यंत पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जाणार नाही अशी शपथ कामगारांकडून घेतल्याची ती तक्रार होती, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने कामगार मंत्रालयाला नोटीस काढली. पुस्तकवाल्यांना वेस्टलँड आठवत असेल. ॲमेझॉनने टाटांच्या ट्रेंटकडून घेतलेली ही प्रकाशनसंस्था फेब्रुवारी २०२२ मध्ये अचानक बंद करत असल्याचं जाहीर झालं. लोक गोदाम रिकामं होण्याआधी पुस्तकं घेऊन ठेवू लागले. पुढे ती मंडळी प्रतिलिपीच्या आधाराने पुन्हा उभी राहिली, पण एवढी मोठी यादी एका निर्णयाने थांबू शकते हे तेव्हा दिसलं.

आणि आपल्या बाजारातलं दुकान? त्याचं गणित भाजणीच्या पाकिटावर मांडून बघू. समजा दुकानदार वीस पाकिटं ठेवतो आणि ती दोन महिन्यांत खपतात. निम्मी घरं ऑनलाइन घेऊ लागली की दहा पाकिटं मुदत संपून फेकावी लागतात. दुसऱ्या वेळी तो पाचच ठेवतो, तिसऱ्या वेळी ‘आजकाल आता नहीं’ म्हणतो. मग उरलेली निम्मी घरंही नाइलाजाने फोनकडे वळतात. यात कुणी वाईट वागलेलं नसतं, पण आपल्या मुलांना भाजणी फोनवरच मिळते असं वाटू लागतं, आणि उद्या सकाळी लागणारी वस्तू आज संध्याकाळी कुठेच मिळत नाही.

एक बाब फारशी कुणाला ठाऊक नसते. सांगली-कोल्हापूरकडची घरगुती मसाला करणारी ताई तिचा माल थेट आपल्याला का विकत नाही? ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय अशा ऑनलाइन बाजारात विकायला परवानगी मिळाली, पण फक्त आपल्या राज्यात. मसाला मध्य प्रदेशात पाठवायचा तर नोंदणी हवीच. त्यामुळे पुण्यातल्या गिऱ्हाइकाला जी लहान नावं दिसतील ती आपल्याला दिसतीलच असं नाही. आपल्यापर्यंत पोहोचतात ते मोठे ब्रँड किंवा मधले व्यापारी.

तक्रारीचा रस्ता लक्षात ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन बाजाराला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. तिथे दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदूरमध्येच दावा करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. महागडी वस्तू असेल तर खोका उघडताना फोनवर चित्रण करून ठेवा, आणि बिल डाउनलोड करून ठेवा, कारण विक्रेत्याचं खरं नाव आणि पत्ता त्यावर असतो.

भाजणीपुरतं बोलायचं तर एक जुना उपाय अजून चालतो. नवरात्राच्या आणि दिवाळीच्या महिनाभर आधी सात-आठ घरांनी मिळून दुकानदाराला यादी द्यायची, थोडे पैसे आगाऊ द्यायचे. खपाची खात्री असली की तो सियागंजहून किंवा थेट पुण्याहून माल आणवतो, आणि दोन-चार पाकिटं आपणहून जास्तीची ठेवतो.