नगराचा संगीतोत्सव : विनामूल्य, पण नियमबद्ध

संगीताचा आस्वाद ही केवळ तिकीट परवडणाऱ्यांचीच मिरास राहू नये, या भूमिकेतून फ्रान्समध्ये १९८२ साली एक लोकाभिमुख उपक्रम सुरू झाला. सुमारे ५० लाख नागरिक एखादे तरी वाद्य वाजवितात, असे तेथील एका पाहणीत आढळून आले होते. ही वाद्ये घराबाहेर यावीत, या हेतूने सांस्कृतिक मंत्री जाक लांग आणि संगीत विभागाचे संचालक मॉरिस फ्लरे यांनी २१ जूनचा दिवस मुक्रर केला. पहिल्या वर्षी त्यासाठी ठरविलेला वेळ अवघा अर्धा तास होता. आज हा उत्सव शंभराहून अधिक देशांत साजरा होतो.

या उत्सवाचे खरे भांडवल म्हणजे स्थानिक हौशी कलावंत होत. आपल्या नगरांतही शाळांची वाद्यवृंद पथके, भजनी मंडळे आणि संगीतशिक्षक यांची वाण नाही. नगरपालिकेने त्यांना जागा, वेळ आणि सुव्यवस्था द्यावयाची असते. एकच भव्य मंडप उभारण्यापेक्षा उद्याने व चौक यांत लहान लहान कार्यक्रम ठेवल्यास गर्दी विभागली जाते आणि खर्चही आवरतो. तथापि, प्रवेश विनामूल्य असला तरी वीज, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे व प्रथमोपचार यांसाठी आगाऊ तरतूद हवीच.

नियमांचे भानही तितकेच अगत्याचे आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो सामान्यतः वापरता येत नाही. घोषित शांतता क्षेत्रात तर त्यास पूर्ण मनाई आहे. निवासी विभागासाठी दिवसाची ध्वनिमर्यादा ५५ डेसिबल आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ नुसार, हौशी मंडळाने शुल्क न देणाऱ्या श्रोत्यांसमोर केलेले गायन-वादन अधिकारभंग ठरत नाही. व्यावसायिक कलावंतांच्या बाबतीत मात्र ही सवलत गृहीत धरू नये.

तिकीट न काढणारा श्रोता उठून जाऊ शकतो. शेजारच्या घरातील रुग्णाला किंवा परीक्षार्थीला ती मुभा नसते. म्हणून जागा व वेळ ठरविण्यापूर्वी परिसरातील रहिवाशांची बैठक घ्यावी. त्यांच्या संमतीने होणारा उत्सवच खऱ्या अर्थाने सर्वांचा होय.