रविवारची सायकल आणि परतीचा हिशेब

शनिवार-रविवारी पहाटे कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाहिले, तर उजाडण्यापूर्वीच सायकलस्वारांच्या लहान लहान टोळ्या जाताना दिसतात. कोणी उल्हासनगरचा, कोणी अंबरनाथचा, कोणी बदलापूरचा. यांतील बहुतेक जण आठवड्याचे पाच-सहा दिवस लोकलच्या गर्दीत उभे राहून मुंबई गाठणारे नोकरदार, किंवा दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदार असतात. शर्यतीचे बक्षीस त्यांना मिळवावयाचे नसते. आठवडाभर आखडलेले अंग मोकळे करावे, मोकळी हवा घ्यावी आणि आपल्याच पायांच्या बळावर दूरचे गाव पाहून यावे, एवढीच त्यांची हौस.

सायकल या भागाला नवी नाही. कारखान्याच्या पाळीला जाणारा कामगार, दूधवाला, पेपरवाला यांचे सायकल हे जुने वाहन. परंतु गरजेच्या सायकलीचा पल्ला गरजच ठरविते. घर ते कारखाना एवढे अंतर रोज तेच असते आणि अंगवळणी पडलेले असते. हौशी स्वाराचा पल्ला मात्र तो स्वतः ठरवितो. आज कर्जत, पुढच्या रविवारी खोपोली, त्यानंतर माळशेज! हे स्वातंत्र्यच या छंदाचे खरे सुख आहे, आणि त्याच्या बहुतेक अडचणींचे मूळही त्यातच आहे. कारण जाण्याचे अंतर उत्साह ठरवितो, आणि परतीचे अंतर शरीराला भोगावे लागते. लांब पल्ल्याची सायकल ही पायांच्या ताकदीइतकीच परतीच्या हिशेबाची विद्या आहे, असे आम्हांस वाटते. तो हिशेब कसा मांडावा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम या छंदाची परंपरा थोडक्यात पाहू. १८९१ साली फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्त या बंदरापर्यंत जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ याने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. त्याच्या चाकांना मिशलॅं बंधूंनी बनविलेले, वाटेत काढून पुन्हा बसविता येतील असे टायर होते, आणि त्या यशात या सोयीचाही वाटा होता. आज ही फेरी दर चार वर्षांनी हौशी स्वारांसाठी भरते आणि तिला ९० तासांची मुदत असते. आपल्याकडे १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीने जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली मुंबईस परतले. अलीकडे २०१७ साली लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका खंड आडवे ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकेकट्याने पुरी केली. तथापि अशा शर्यतीत स्वाराच्या मागे मोटार असते, खाणेपिणे देणारी आणि दुरुस्ती करणारी माणसे असतात. आपल्या रविवारच्या स्वारामागे कोणीच नसते. म्हणून त्याचा हिशेब अंतराने लहान असला, तरी एका अर्थाने अधिक काटेकोर असावा लागतो.

पहिला हिशेब वेळेचा. आपल्याकडे बीआरएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुदतबंद फेऱ्या होतात. त्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास अशी मुदत असते. २०० किलोमीटरचे उदाहरण घेऊ. ताशी २० किलोमीटर हा वेग सरावाच्या स्वाराला सपाटीवर फारसा जड नाही. त्या वेगाने १० तास लागतात. म्हणजे साडेतीन तास हाती उरले. आता चहा, नाश्ता, पाणी भरणे, फोटो, पंक्चर अशा पंधरा-पंधरा मिनिटांच्या दहा थांब्यांची बेरीज करा. अडीच तास तेथेच गेले! नवखा स्वार मुदत चुकवितो तो पॅडल मारण्यात कमी पडतो म्हणून क्वचित. बहुधा तो थांब्यांवर वेळ सांडतो. ज्याला दुपारी बारापर्यंत घरी यावयाचे आहे, त्याने निघण्याच्या वेळेऐवजी परत फिरण्याची वेळ आधी ठरवावी.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. उल्हासनगरहून कर्जतला जाताना आपण आग्नेयेकडे जातो; परतताना तोंड वायव्येकडे असते. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो. कोरड्या दिवसांत ऊन चढले की समुद्रावरून खारे वारे सुटतात, आणि ते येतात पश्चिम-वायव्येकडून. म्हणजे परतीच्या वाटेवर ते नेमके छातीवर! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या स्वारासमोर ताशी १० किलोमीटरचा वारा आला, तर शरीराला ३० चा वारा लागतो आणि हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. माळशेजकडून परतणाऱ्यालाही पश्चिमेकडेच यावयाचे असते, तेव्हा त्याचीही सुटका नाही. सकाळी कर्जत सहज गाठले म्हणून दुपारी घरही सहज गाठू, हा समज येथेच खोटा ठरतो.

तिसरा हिशेब चढाचा. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट जेमतेम आठेक किलोमीटरांचा. परंतु तेवढ्यात स्वार सहाशे मीटरांहून अधिक उंची चढतो. अशा चढावर हवेचा विरोध नगण्य असतो. तेथे भार असतो तो स्वतःच्या आणि सायकलीच्या वजनाचा. म्हणून घाटापूर्वीच हलका गिअर घ्यावा आणि पाय जड रेटण्याऐवजी हलके व जलद फिरवावे. जड गिअर रेटल्याने गुडघे दुखू लागतात, आणि ते दुखणे सोमवारी पुलाच्या पायऱ्या चढताना अधिक जाणवते. उतरणीवर ब्रेक सारखा दाबून धरू नये. दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, म्हणजे चाकाची रिम फार तापत नाही.

चौथा हिशेब अन्नाचा. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. जोमाने सायकल चालविली तर तो दोनेक तासांत बराचसा आटतो. मग पाय एकाएकी शिशाचे होतात, डोके हलके होते, चिडचिड सुरू होते. सायकलस्वारांना ही अवस्था चांगली परिचयाची आहे. उपाय सोपा आहे, पण तो भूक लागण्यापूर्वी करावा लागतो. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जावी. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असते. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर हे पदार्थही उत्तम. वाटेवरची तर्रीदार मिसळ आणि वडापाव यांचा मोह आम्ही जाणतो. परंतु तळलेले पोटात रेंगाळते, तेव्हा ते सुख घर जवळ आल्यावर घ्यावे, हे बरे.

पाचवा हिशेब पाण्याचा, आणि आपल्या हवेत तोच सर्वांत जोखमीचा. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम येतो, पण लवकर वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि त्याबरोबर मीठही जाते. केवळ साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातील मीठ पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, ग्लानी येऊ शकते. म्हणून एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत लिंबू-मीठ-साखरेचे किंवा ओआरएसचे पाणी ठेवावे. उन्हात अंगावर काटा येऊ लागला, डोके ठणकू लागले की तत्काळ सावलीत थांबावे. बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. येथे स्त्री-स्वारांची एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृहे नसल्यामुळे अनेक जणी मुद्दाम पाणी कमी पितात. हा दोष त्यांचा नाही, रस्त्याचा आहे. तरी प्रकृतीची किंमत त्यांनाच मोजावी लागते. टोळीने थांबे ठरविताना ही गोष्ट आधी पाहावी.

सहावा हिशेब यंत्राचा. सीटची उंची अशी असावी की पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. फार खाली सीट गुडघ्याला वाईट, फार वर असली तर कंबर डोलते. जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, लहान पंप आणि षट्कोनी पान्यांचा संच एवढे सामान जवळ हवेच. आणि ते वापरण्याचा सराव घराच्या अंगणात झालेला हवा. तेराँला १८९१ साली ज्या सोयीचा उपयोग झाला, ती आज प्रत्येकाच्या सायकलीला आहे. उपयोग मात्र ज्याचा त्याने शिकावयाचा.

सातवा हिशेब रस्त्याचा. औद्योगिक वसाहतींकडे जाणारी अवजड वाहने, काँक्रीटच्या फरशांमधील फटी, कडेची खडी, धावून येणारी कुत्री यांना तोंड देतच पुढे जावयाचे असते. अंधारात पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि अंगावर चकाकणारी पट्टी हवीच. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. रेल्वेचे ओले रूळ तिरके ओलांडले तर चाक घसरते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. जे पाणी आगगाडी अडविते, त्यापुढे दोन चाकांची काय कथा! मुसळधार पावसाच्या दिवशी नदीकाठची फेरी रद्द करण्यात कमीपणा नाही.

शेवटचा हिशेब सोबतीचा. पुढच्या स्वाराच्या मागे जवळून गेल्यास वाऱ्याचा त्रास बराच वाचतो. परंतु पुढच्याने खड्डा हाताने दाखविला नाही तर मागचा पडलाच म्हणून समजा. टोळीचा वेग सर्वांत दमलेल्या माणसाने ठरवावा. प्रत्यक्षात तो सर्वांत ताजा माणूस ठरवितो, आणि मागचा लाजेने बोलत नाही. तो ओढत राहतो, खाणे-पिणे चुकवितो, आणि घरापासून तीस-चाळीस किलोमीटरांवर भर दुपारी कोलमडतो. लांबच्या फेरीतील कितीतरी अडचणी अशा अबोल संकोचातून जन्मतात.

या साऱ्या हिशेबांची बेरीज एकच. निघताना शक्तीचे दोन समान भाग न करता जाण्यासाठी लहान आणि परतीसाठी मोठा भाग राखावा. अंतर दर आठवड्याला थोडथोडे वाढवावे. आणि वांगणीला पोहोचल्यावर अंग साथ देत नाही असे दिसले, तर सोबत्यांना स्पष्ट सांगून तेथूनच मागे फिरावे. घरी कोणी जेवणासाठी खोळंबलेले असते, सोमवारी कामावर जावयाचे असते. हौस या दोहोंच्या आड येता कामा नये. वांगणीहून परतलेला स्वार धडधाकट असेल, तर कर्जतचा रस्ता पुढच्या रविवारीही तेथेच असतो.