चिकटवही : कागदावरची आणि पडद्यावरची

राजघराण्यांच्या बखरी लिहिल्या गेल्या, सरदारांच्या कैफियती जतन झाल्या. परंतु सामान्य माणसाच्या घराची बखर लिहावयास कोणी बखरकार बसला नाही. जात्यावर दळणारी पणजी कशी दिसत होती, मुंजीच्या मांडवात कोण कोण जमले होते, मुंबईच्या गिरणीत जाणारा आजोबांचा भाऊ डोक्याला रुमाल बांधीत असे की टोपी घालीत असे, या गोष्टी कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत. त्या सापडतात त्या ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांत. घराचा हा अलिखित इतिहास पानांवर मांडावयाची कला म्हणजे चिकटवही. आणि संगणकाच्या युगात तिचे जे नवे रूप आले आहे, त्याचा विचार परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी अगत्याने करावयास हवा.

छायाचित्रणाची ओळख महाराष्ट्राला फार लवकर झाली. १८३९ मध्ये दागेर याची विद्या पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित छायाचित्रकारांपैकी एक. पुढे दादासाहेब फाळके यांनीही बडोद्याच्या कलाभवनात ही विद्या आत्मसात करून गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता; चित्रपट त्यानंतरचा. हळूहळू हे तंत्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून मध्यमवर्गीयांच्या घरात आले. लग्न झाले की नवदांपत्याने स्टुडिओत जावे, रंगविलेल्या पडद्यापुढे एकाने खुर्चीवर बसावे व दुसऱ्याने शेजारी उभे राहावे, आणि ते छायाचित्र काळ्या जाड पानांच्या अल्बमात चार कोपरे लावून बसवावे, असा रिवाजच पडला.

त्या अल्बमाचे एक मोठे सामर्थ्य होते. छायाचित्रे थोडी होती, म्हणून प्रत्येकाकडे लक्ष जात असे. आज परिस्थिती नेमकी उलट आहे. एका वाढदिवसाची दोनशे छायाचित्रे भ्रमणध्वनीत साठतात आणि पुढच्या वाढदिवसापर्यंत त्यांतील दोनही कोणी पाहत नाही. ज्याला सीमा नाही त्या संग्रहाला आकारही नाही. आकार देण्याचे काम पृष्ठरचना करते.

चिकटवही ही कल्पना जुनीच आहे. सुप्रसिद्ध अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन याने १८७३ मध्ये पानांना आधीच गोंद लावलेल्या चिकटवहीचे एकस्व घेतले होते. आता कात्री आणि गोंद यांची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. छायाचित्र मोठे-लहान करावे, तिरके ठेवावे, एकावर एक थर रचावेत, न आवडल्यास सारे पुसून पुन्हा मांडावे. आणि इतके करूनही मूळ छायाचित्राला ओरखडासुद्धा येत नाही, हा या पद्धतीचा खरा लाभ होय.

या मांडणीचे काही नियम आहेत आणि ते समजावयास कठीण नाहीत. पहिला नियम निवडीचा. एका पानावर तीन ते पाच छायाचित्रे पुरेत. त्यांतील एक मुख्य, बाकीची त्याची सोबती. लग्नात नवरीपेक्षा करवलीच अधिक उठून दिसू लागली तर जसे चमत्कारिक वाटेल, तसेच सर्व छायाचित्रे सारख्या आकाराची ठेवल्यास पानाचे होते. दुसरा नियम दृष्टीचा. छायाचित्रातील व्यक्ती ज्या दिशेला पाहत असेल, त्या बाजूला पानाचा मध्य असावा. पानाबाहेर पाहणारा चेहरा वाचकालाही पानाबाहेर नेतो. तिसरा नियम मोकळ्या जागेचा. अंगण नसलेले घर कोंदट वाटते. तसेच समास नसलेले पान. चौथा नियम जोडपानाचा. समोरासमोरची दोन पाने एकच चित्रफलक मानून रचावीत; मात्र मधल्या शिवणीत कोणाचा चेहरा जाणार नाही याची काळजी घ्यावी. पाचवा नियम रंगाचा. पार्श्वभूमीचा रंग बाहेरून आणू नये. तो मुख्य छायाचित्रातूनच, आईच्या लुगड्याच्या काठातून किंवा तुळशीवृंदावनाच्या गेरूतून, उचलावा.

आयत्या मिळणाऱ्या नमुन्यांत फुगे, फिती आणि विलायती फुले यांची रेलचेल असते. मराठी घराला त्यांची गरज नाही. आपल्या घरातच उत्तम नमुने पडलेले आहेत. गोधडी घ्या. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आजीने जी गोधडी शिवली, ती म्हणजे वस्त्रांची चिकटवहीच होय. तिचेच एक छायाचित्र घेऊन पानाच्या पार्श्वभूमीला लावावे आणि तिच्या एकेका चौकटीत एकेक चेहरा बसवावा. ठिपक्यांची रांगोळी घ्या. समान अंतरावरील ठिपके हे मांडणीचे सिद्ध जाळेच आहे. छायाचित्रांचे कोपरे त्या ठिपक्यांवर टेकविले की पान आपोआप रेखीव होते. भिंतीवरील दिनदर्शिका घ्या. १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघाल्यापासून तिच्या चौकोनांत दुधाचे खाडे आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहिणारी घरे आपणांस परिचित आहेत. सात स्तंभ आणि पाच ओळी अशी पस्तीस घरे पाडावीत. महिन्यातील रोजचे एक याप्रमाणे तीस छायाचित्रे त्यांत बसतात आणि उरलेल्या पाच घरांत महिन्याचे नाव व चार ओळींचा मजकूर येतो. नव्या बाळाच्या पहिल्या महिन्यासाठी याहून सुंदर रचना नाही.

इब्रासारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला आणखी एक रचना सुचण्याजोगी आहे. तिला ‘दोन दारे’ असे नाव देता येईल. मस्कतपासून सुमारे १७० किलोमीटर आत, शर्किया प्रांतात वसलेले हे प्राचीन गाव. मिन्झफा भागातील पडक्या हवेल्या, त्यांच्या कमानी आणि दरवाजे पूर्व आफ्रिकेशी चाललेल्या व्यापाराच्या वैभवाची साक्ष देत उभे आहेत. येथील घराण्यांच्या शाखा झांजिबारला होत्या; १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि अनेक ओमानी कुटुंबांना ते बेट सोडावे लागले. दोन किनाऱ्यांवर वाटले गेलेले घर ही गोष्ट इब्राच्या मातीला नवी नाही. म्हणून जोडपानाच्या डाव्या अंगाला कोकणातल्या वा देशावरच्या घराचा दिंडी दरवाजा, उजव्या अंगाला मिन्झफातील कमान, आणि दोहोंच्या खाली त्या त्या दारात उभी असलेली घरची माणसे, अशी मांडणी केली तर शब्दाविना पुष्कळ सांगून जाते. मात्र एक मर्यादा पाळावी. इब्रातील बुधवारचा स्त्रियांचा बाजार प्रसिद्ध आहे; तेथे किंवा अन्यत्रही कोणाचे छायाचित्र परवानगीवाचून घेऊ नये. मसाल्याची रास, खजुराच्या पानांची टोपली, रंगीत कापडाचे तागे यांनीही पान सजते.

चित्राइतकेच महत्त्व अक्षरांना आहे. देवनागरीत शिरोरेषा ही स्वतःच एक सरळ रेघ आहे. मथळ्याची शिरोरेषा छायाचित्राच्या कडेला समांतर ठेवली तर वेगळी चौकट लागत नाही. वरच्या वेलांट्या व खालचे उकार यांना जागा हवी असते, म्हणून ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक ठेवावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडविलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक विनामूल्य उपलब्ध आहेत. पहिला मजकुराला, दुसरा मथळ्याला शोभतो. काही संगणकप्रणालींत जोडाक्षरे फुटतात व ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. अशा वेळी मजकूर अन्यत्र टंकून त्याचे चित्र पानावर ठेवणे श्रेयस्कर.

तंत्राचा थोडा हिशेब येथे देणे अवश्य आहे. चांगल्या छपाईस इंचाला ३०० ठिपके लागतात. बारा इंची चौरस पान म्हणजे ३,६०० गुणिले ३,६०० ठिपके. दीड हजार ठिपके रुंदीचे छायाचित्र पाच इंचांपर्यंतच स्वच्छ उमटेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले छायाचित्र वाटेत लहान होते. म्हणून गावाकडून मागवावयाचे असेल तर ते मूळ आकारात, दस्तऐवज म्हणून पाठवावयास सांगावे. जुने दोन इंची छायाचित्र स्कॅन करताना इंचाला ६०० ठिपके घेतले, तर ते दुप्पट आकारात निर्दोष छापता येते. प्लॅस्टिकच्या आवरणाखालील चिकट पानांचे जे अल्बम पूर्वी घरोघर आले, त्यांतील गोंद पिवळा पडून छायाचित्रांना धरून बसतो. ती ओढून काढू नयेत, पानासकटच स्कॅन करावीत. तयार पानांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या देशी असावी. कोकणातील पावसाची बुरशी आणि इब्राच्या उन्हाळ्याची आग या दोहोंनाही एकाच वेळी सर्व प्रती सापडणार नाहीत. शिवाय वर्षाकाठी एक वही कागदावर छापून घ्यावी. कागद उघडावयास विजेची आणि परवलीच्या शब्दाची गरज लागत नाही.

परंतु रंग, रेषा आणि ठिपके यांहून मोलाची वस्तू निराळीच आहे. ती म्हणजे नाव. पाठीमागे काहीही न लिहिलेली किती छायाचित्रे घराघरांत आहेत! त्यांतील माणसांना ओळखणारी एखादीच वृद्धा उरलेली असते आणि ती गेली की ते चेहरे कायमचे परके होतात. छायाचित्र राहते, आप्त हरपतो. आखातात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा धोका दुहेरी आहे. त्यांच्या तोंडी सारे पुरुष ‘अंकल’ व साऱ्या स्त्रिया ‘आंटी’ होतात. मराठीने आत्या, मावशी, काकू, मामी, जाऊ, नणंद अशी नात्यांची केवढी बारीक वीण विणली आहे! ती वीण टिकवावयाची तर प्रत्येक छायाचित्राखाली केवळ नाव नव्हे, नातेही लिहावे : ‘बाबांची धाकटी आत्या, पंढरपूरच्या वारीहून परतल्यावर.’ सुटीत गावी गेल्यावर आजीसमोर छायाचित्रे पसरावीत, ती सांगेल ते मुलांनी तिच्याच शब्दांत टिपून घ्यावे आणि तेच शब्द पानावर उतरवावेत. मुंबईत अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ या उपक्रमाने हेच सिद्ध केले आहे की, घरगुती छायाचित्रासोबत त्याची हकीकत जोडली की ते साऱ्या समाजाच्या इतिहासाचे साधन बनते.

पान सुबक जमले नाही तरी हरकत नाही; ते पुन्हा रचता येईल. रचना ही कधीही शिकता येणारी विद्या आहे. परंतु ज्या ओठांवर ती नावे आज जिवंत आहेत, ते ओठ वाट पाहणार नाहीत. म्हणून येत्या सुटीच्या सामानात भेटवस्तूंबरोबर एक कोरी वही आणि एक लेखणी अवश्य असावी. आधी नावे मिळवावीत; पाने मागाहून रचावीत.