शत्रू पाहून ठरते शस्त्र

पावसाचा जोर वाढला की मुंबई-पुण्यातील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी होते. फ्लू, मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस अशी कारणे वेगवेगळी असली, तरी अनेकांची मागणी एकच असते, 'डॉक्टर, एखादी स्ट्राँग अँटिबायोटिक द्या!' शरीराची प्रतिकारयंत्रणा मात्र सर्व रोगजंतूंना असे एकाच मापाने मोजत नाही. घुसखोर कोण आहे आणि तो नेमका कुठे दडला आहे, हे पाहून ती आपली व्यूहरचना बदलते. औषध आणि लस यांचे यशापयशही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

पहिली फळी

त्वचा, नाका-घशातील चिकट स्राव आणि जठरातील आम्ल ही शरीराची तटबंदी. ती ओलांडून आत आलेल्या जंतूंवर पांढऱ्या पेशी तुटून पडतात. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटा टोचला आणि त्याभोवती जमणाऱ्या भक्षक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. या संशोधनाबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिक यांच्यासमवेत मिळाले.

जखमेत शिरलेले बहुतेक जिवाणू पेशींच्या बाहेर, उघड्यावर वाढतात. भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. रक्तातील प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडीज जिवाणूंना चिकटतात आणि भक्षकांचे काम सोपे करतात. गळवातून येणारा पू म्हणजे प्रामुख्याने या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि जिवाणू.

घरातच दडलेला शत्रू

विषाणूची गोष्ट निराळी. तो शरीराच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. अशा वेळी संसर्ग झालेली पेशी 'इंटरफेरॉन' हे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. त्यानंतर 'किलर टी' पेशी बाधित पेशी हुडकून त्या विषाणूसकट नष्ट करतात. पेनिसिलिनसारखी अँटिबायोटिक जिवाणूच्या भिंतीवर घाव घालतात, इतर काही त्याच्या अंतर्गत यंत्रणेवर. विषाणूला ना अशी भिंत, ना अशी यंत्रणा. म्हणूनच साध्या सर्दीवर किंवा फ्लूवर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. उलट त्यांच्या अनावश्यक वापराने औषधांना न जुमानणारे जिवाणू मात्र बळावतात.

क्षयाचा जिवाणू त्याहून धूर्त. त्याला गिळणाऱ्या भक्षक पेशीतच तो ठाण मांडतो. त्याला मारता आले नाही, तर शरीर पेशींचे कडे उभारून त्याला कोंडून ठेवते. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्येला क्षयाचा संसर्ग झाला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही, कारण हा पहारा टिकून राहतो. एचआयव्ही या पहाऱ्याची सूत्रे हलविणाऱ्या 'हेल्पर टी' पेशींनाच नष्ट करतो. त्यामुळे एड्सच्या रुग्णांत क्षय डोके वर काढतो.

पोटातील जंत तर गिळता न येण्याइतके मोठे. त्यांच्यावर इओसिनोफिल या पेशी विषारी द्रव्यांचा मारा करतात. रक्ताच्या अहवालात या पेशी वाढलेल्या दिसल्या, की डॉक्टर जंत किंवा ॲलर्जीची शंका घेतात ती यामुळेच.

स्मरणशक्ती तारक, कधी मारकही

लढाई संपली तरी काही पेशी त्या शत्रूची ओळख जपून ठेवतात. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, तो यामुळे. लसही हेच करते. ती रोग न होता ओळख पटवून देते. फ्लूचा विषाणू मात्र सतत रूप पालटतो. म्हणून त्याच्या लशीत वेळोवेळी बदल करावा लागतो.

डेंग्यूमध्ये ही स्मृती क्वचित उलटते. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारचा डेंग्यू झाल्यास त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. मात्र पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट त्यांच्याच आधारे विषाणूला पेशींत शिरणे सोपे जाते. त्यामुळे दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू अधिक गंभीर ठरण्याचा धोका असतो.

या आजारात ताप उतरू लागण्याचा काळच नाजूक असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब घसरू शकतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची सुस्ती दिसल्यास 'ताप गेला' म्हणून निर्धास्त न राहता तातडीने रुग्णालय गाठावे. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

'प्रतिकारशक्ती वाढवा' असे सांगणाऱ्या जाहिरातींचा सध्या सुळसुळाट आहे. परंतु ही शक्ती म्हणजे कमी-जास्त करता येणारी एकच कळ नव्हे. सकस आहार, पुरेशी झोप आणि वेळेवर लसीकरण यांनी तिला बळ मिळते. ताप आल्यावर मात्र गोळीचे नाव सुचविण्याआधी, हा ताप कशाचा, हा प्रश्न डॉक्टरांना विचारणेच श्रेयस्कर.