फेब्रुवारीत मोजलेला डोंगर

चिंचवडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सतरा लाखांच्या पुढे गेलं, मग त्याच पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्याची लोकसंख्या घटली कशी? तिथं पोरं जन्माला येत नाहीत की काय?

येतात की! पण आधी तालुका बघू. वेल्हे, म्हणजे आता सरकारदरबारी राजगड तालुका. कानद खोरं, गुंजण मावळ आणि डोक्यावर 1,403 मीटरचा तोरणा. 2011 ची लोकसंख्या 54,516, सगळी खेड्यांतली. जनगणनेच्या व्याख्येत बसेल असं एकही शहर तालुक्यात नाही. सह्याद्रीच्या कड्यावर आदळलेला पाऊस इथंच रिता होतो, पिंपरीपर्यंत त्याचा थोडासाच वाटा पोचतो. पण खाली कातळ आणि वर वीतभर माती, त्यामुळे पडलेलं पाणी थांबत नाही. खाचरात भात आणि वरकस उतारावर नाचणी-वरई, एवढाच काय तो हंगाम. नदीकाठच्या सपाट जमिनीचा मोठा तुकडा पानशेतच्या पाण्याखाली गेला आणि ते पाणी पुण्याच्या नळाला येतं. दिवाळीच्या सुमारास भात कापला, झोडला, कणगीत भरला की शेताकडे काम उरत नाही. तरणी माणसं कामधंद्याला खाली उतरतात. ही चाल जुनी आहे. मुंबईचे डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातूनच गेले. पुढे 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, मग चाकण, आणि पोटामागे लांब मुंबईलाच जायला हवं असं राहिलं नाही.

आता मोजणीचा महिना पाहा. 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. नियम असा: या वीस दिवसांत माणूस एकदा जरी आपल्या नेहमीच्या घरी असेल, तर त्याची नोंद तिथं, सगळे दिवस बाहेर असेल, तर जिथं सापडेल तिथं. म्हणजे डोंगरातली खाचरं रिकामी आणि कंपनीतली पाळी जोरात, नेमक्या त्याच दिवसांत प्रगणक दाराशी येतो. जो चैत्रात जत्रेला येतो, आषाढात चिखलात उभा राहून भात लावतो, ज्याचं रेशनकार्ड आणि मत दोन्ही गावात आहे, तो भोसरीच्या भाड्याच्या खोलीतला रहिवासी ठरतो. कायमचे गेलेलेही पुष्कळ आहेत, ते नाकारत नाही. पण हंगामी माणूस आणि कायमचा गेलेला माणूस एकाच रकान्यात पडतात.

फेब्रुवारीची ही निवड इंग्रजांच्या काळातली, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. देशभर एकाच वेळी झालेली पहिली गणना 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्रीची. तेव्हा एका रात्रीत सगळा मुलूख मोजायचा असे. म्हणून यात्रा-लग्नांची गर्दी टाळून, प्रगणकाला वाट दिसावी अशी चांदण्याची रात्र शोधत. 1931 नंतर एका रात्रीची मोजणी गेली, चांदण्याची गरज संपली. महिना मात्र राहिला.

याहून वेगळी मोजणी याच पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी झाली होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ, आधी चहामळ्यांच्या चाकरीत होते. त्यांनी एक गाव निवडलं आणि घरागणिक जमीन, कर्ज, मिळकत आणि खर्च लिहून काढला. गाव कोणतं? पिंपळे सौदागर! आज तिथं टॉवर आणि मॉल आहेत. 1917 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 103 कुटुंबं होती. 1771 मध्ये सरासरी 40 एकरांची असलेली जमीनधारणा घसरत 7 एकरांवर आली होती. निव्वळ शेतीवर नीट भागत होतं फक्त 8 घरांचं. आणखी 28 घरं बाहेरच्या मजुरीच्या आधारानं तरत होती, आणि उरलेल्या 67 घरांचं तरीही भागत नव्हतं. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून हाकेच्या अंतरावर होता, हे लक्षात घ्या.

संदर्भ देताना सगळे मानसाहेबांचं नाव घेतात. त्यांच्यासोबत द. ल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे ही मंडळी होती, हे कोणी सांगत नाही. दारात आलेल्या साहेबाला कुणबी आपल्या कर्जाचा खरा आकडा सांगेल, यावर माझा तरी विश्वास नाही. कानिटकरांनी पुढे कोरडवाहू शेतीवर मोलाचं काम केलं. तेही आता शेतकी कॉलेजाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.

या मंडळींची पद्धत वेल्ह्याला लावली, तर गाव आणि चिंचवडची खोली मिळून एकच घर दिसेल: तांदूळ वरून खाली येतो, पगार खालून वर जातो. दर चौरस किलोमीटरला माणसं किती, या आकड्यात हे घर अर्धं-अर्धं कापलं जातं.

पुढच्या गणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. मोबाइलवरची नोंद आणि जातीचा रकाना यांवर भरपूर बोललं जातंय, महिन्यावर कोणी बोलत नाही. आधीचा मुक्काम कुठं आणि तो का सोडला, हे प्रश्न गणनेत असतात. पण भात लावायला कुठं जाता, पैसे कुठं धाडता, हे 2011 साली कोणी विचारलं नव्हतं. आणि जे विचारलं, त्यातले स्थलांतराचे बरेच तक्ते हाती यायला 2019 साल उजाडलं.