मंगळावर कान

मंगळावर कॅमेरा का न्यायचा, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. माइक का न्यायचा, हे मात्र बरीच वर्षे सांगावे लागले. कार्ल सेगन यांनी १९९६ साली त्यासाठी नासाला पत्र लिहिले होते. १९९९ साली ‘मार्स पोलर लँडर’वर एक छोटा माइक गेला, पण ३ डिसेंबरला यानच हरवले. २००८ च्या ‘फिनिक्स’वर उतरतानाच्या कॅमेऱ्याला माइक जोडलेला होता, त्या जोडणीमुळे उतरण्यातच विघ्न येईल या भीतीने तो त्या वेळी सुरूच केला नाही. अखेर ‘पर्सिव्हिअरन्स’ ही चाकांची गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरली ती दोन माइक घेऊन. त्यांपैकी एकाने उतरतानाचा आवाज टिपायचा होता. नेमका तेव्हा तो गप्प राहिला, नंतर मात्र चालला!

कॅमेऱ्यावर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा का? १९७६ च्या जुलैत ‘व्हायकिंग १’चे पहिले रंगीत चित्र आले, त्यात मंगळाचे आकाश निळसर होते. आपल्याला आकाश निळेच हवे असते ना! रंगांचा हिशेब नीट तपासल्यावर ते गुलाबीसर निघाले. यानावर रंगांच्या पट्ट्या लावलेल्या असतात त्या यासाठीच. ओळखीच्या रंगाशी ताडून पाहिल्याशिवाय अनोळखी रंग ठरवता येत नाही.

आता माइककडे वळू. पर्सिव्हिअरन्सच्या उंच खांबावर लेसर आहे आणि त्याच्याजवळच दुसरा माइक. लेसरचा झोत दगडावर पडला की कणभर दगडाची तापलेली वाफ होते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. दगड किती अंतरावर आहे ते ठाऊक, लेसर केव्हा सुटला तेही ठाऊक. आवाज किती उशिरा आला ते मोजले की झाला ध्वनीचा वेग! वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत आकडे मोजतो, तसेच हे. दगड ३ मीटरवर असेल तर पृथ्वीवर आवाजाला सुमारे ९ मिलिसेकंद लागतील. मंगळावर साडेबारा लागतात, म्हणजे वेग भरला सेकंदाला सुमारे २४० मीटर.

हा वेग कमी का? वर्गात विचारून पाहा. ‘तिथली हवा विरळ आहे म्हणून’ हेच उत्तर बहुतेक येईल, आणि ते चूक आहे. मंगळावर हवेचा दाब आपल्या दीडशेव्या हिश्श्याच्या आसपास आहे हे खरे. पण ध्वनीचा वेग ठरतो दाब आणि घनता यांच्या गुणोत्तरावर. वायू नुसता विरळ केला तर दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरतात, गुणोत्तर तेच राहते. विरळपणाने आवाज क्षीण होतो, मंद चालीचा होत नाही. चाल मंदावते ती दोन कारणांनी. तिथली हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे रेणुभार २९ ऐवजी ४४. आणि थंडी सरासरी उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास.

विरळपणा वेगात डोकावतो तो वेगळ्याच वाटेने. ध्वनीमुळे वायू दाबला जातो तेव्हा तापतो. त्यातली थोडी उष्णता रेणूंच्या अंतर्गत कंपनांत जाते, पण त्यासाठी रेणू एकमेकांवर आपटावे लागतात. विरळ हवेत टकरा कमी, त्यामुळे हे काम रेंगाळते. सुमारे २४० हर्ट्झच्या वरचा स्वर असेल तर तेवढी सवडच मिळत नाही. वायू जणू जास्त ताठ वागतो आणि स्वर सेकंदाला सुमारे १० मीटर अधिक वेगाने जातो. म्हणजे मंगळावर एकाच वेळी निघालेले दोन स्वर वेगवेगळ्या वेळी पोचतील! अर्थात फार उंच स्वर दूरवर जातच नाहीत, कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतो.

म्हणूनच ३० एप्रिल २०२१ रोजी ‘इंजेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरचा आवाज ८० मीटरवरून ऐकू आला तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. गुणगुण होती ८४ हर्ट्झची. पंख्याचे फेरे मिनिटाला सुमारे २५३७ आणि प्रत्येक पंख्याला पाती दोन. ८४ कुठून आले ते विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी माइक चालू असताना एक धुळीची वावटळ थेट गाडीवरूनच गेली. तिची रुंदी सुमारे २५ मीटर आणि उंची ११८ मीटर. धूळ दिसली कॅमेऱ्याला. माइकने ऐकला तो वाऱ्याचा घोंघाट, मग वावटळीच्या पोटातली शांतता आणि पुन्हा घोंघाट. शिवाय गाडीवर आपटणाऱ्या कणांची टपटप इतकी स्पष्ट होती, की ते कण मोजता आले. तीनशेहून अधिक भरले.